सही झाल्यावरच विचारायचं

“कोण म्हणालं मी राहतोय?”

केलननं बॅग काउंटरवर अशी आपटली की खोकल्याच्या गोळ्यांचा स्टँड हलला. “पेट्रोल भरायला थांबलो तर पंपावरचा माणूस माझा हात सोडेना. म्हणे अभिनंदन! पोस्टातली बाई म्हणाली, चर्चमागचं घर रिकामं आहे, बघून ठेव. आणि तो ऑर्व्हल ह्रुश्का! त्यानं तर गाडीच आडवी घातली. भर रस्त्यात! म्हणतो, पोराचं जुनं कपाट पडलंय, घेऊन जा, लागेल तुला. मला कपाट कशाला लागेल, मार्लिस?”

मार्लिस टोरसन गोळ्या मोजत होती. मोजत होती म्हणजे काय, त्याच गोळ्या पाच-पाच करून इकडं सरकवत होती आणि परत तिकडं.

“कपाट वाईट नाहीये त्याचं,” ती म्हणाली.

“मार्लिस!”

“ओरडू नकोस. गिऱ्हाईक आहे दुकानात.”

“कुठंय गिऱ्हाईक? व्हर्ला आहे ती.”

“मी नाहीये,” शेल्फाच्या मागून व्हर्ला म्हणाली. व्हर्ला या दुकानात इतकी वर्षं डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती की भिंतीला कान असतील तर ते तिचेच. “तुमचं चालू द्या.”

हे सगळं झालं एका फोनवरून.

टोरसन फार्मसीत पद्धत अशी. वॅप्सी फोर्ड गाव म्हाताऱ्यांचं. एकेकाची दहा-दहा औषधं. एक सोमवारी संपणार, दुसरं पंधरा दिवसांनी, मग म्हातारे आपले रोज दुकानाच्या चकरा मारणार. म्हणून प्रत्येकाची सगळी औषधं महिन्यातल्या एका ठरलेल्या दिवशी एकत्र. आणि त्या दिवसाच्या आठवडाभर आधी दुकानातून फोन जातो. काही बदललं का? पडलात का, गरगरतं का, डॉक्टरनं नवीन काही लिहून दिलं का? हा फोन वर्षभर करायचा तो रेसिडेन्टनं.

रेसिडेन्ट म्हणजे ही शिकून शिकून थकलेली पोरं. कॉलेज झालं, डिग्री झाली, लायसन्ससुद्धा हातात आलं, तरी यांचं पोट भरत नाही. आणखी एक वर्ष कुणाच्या तरी हाताखाली काढायचं. जुलैत यायचं, पुढच्या जूनमध्ये जायचं. कुणी कुठं जायचं ते मार्चमध्ये एक कॉम्प्युटर ठरवतो. पोरं आपली पसंती कळवतात, दुकानं आपली, आणि एका सकाळी जोड्या लागतात. लागली जोडी की मोडता येत नाही. वर्षाच्या शेवटी शिकवणाऱ्यानं एका कागदावर सही केली की पोरगं पूर्ण झालं. मोठी हॉस्पिटलं तो कागद बघतात आणि उचलून नेतात.

मार्लिसकडं असे नऊ आले आणि नऊ गेले. केलन ब्रँट दहावा.

तर मागच्या गुरुवारी केलन होता राजधानीत, दे मॉइनला. तिथं सगळ्या राज्यातले रेसिडेन्ट जमतात आणि आपण वर्षभर काय दिवे लावले ते उभं राहून सांगतात. त्यामुळं त्या दिवशीचे फोन मार्लिसनं केले. ऑर्व्हलला लावला. तो म्हणाला, पडलो नाही, गरगरत नाही, डॉक्टर मूर्ख आहे, नेहमीचं. मग म्हणाला, “आणि तुमच्याकडं गं? काही बदललं का?”

आता हा प्रश्न मार्लिसनं आयुष्यभर दुसऱ्यांना विचारला होता. तिला कधी कुणी विचारला नव्हता. आणि तिच्या तोंडून निघून गेलं, “हो. केलन राहतोय.”

तिथल्या तिथं गिळता आलं असतं. अरे, चुकून बोलले, म्हणायचं आणि हसायचं. पण ते वाक्य तोंडात इतकं गोड लागलं की तिला ते थुंकवेना. तिकडं ऑर्व्हल म्हणाला, अरे वा वा. आणि फोन ठेवला. ऑर्व्हलनं फोन लगेच ठेवला म्हणजे त्याला पुढचे फोन करायचेत, हे गावातलं शेंबडं पोर सांगेल.

“चुकून निघालं तोंडातून,” मार्लिस आता म्हणाली.

“चुकून! तुम्ही!” केलन हसला, पण ते हसू नव्हतं. “लोकाच्या गोळीवरचा बारीक आकडा चष्म्याशिवाय वाचता तुम्ही. मागच्या महिन्यात मी एक डबी चुकीच्या खणात ठेवली तर पंधरा मिनिटं ऐकवलंत मला. आणि हे चुकून?”

“अकरा मिनिटं,” शेल्फामागून आवाज आला.

“व्हर्ला, तू नाहीयेस ना?”

“नाहीये.”

केलन काउंटरवर वाकला. त्याचा आवाज खाली आला, आणि तो खाली आला तेव्हा मार्लिसला जास्त लागलं. “मला मिनियापोलिसला नोकरी लागलीये. एप्रिलमध्येच सांगितलं मी तुम्हाला. घराचं भाडं भरलंय. येता सोमवार सोडून पुढच्या सोमवारी रुजू व्हायचंय. तुम्ही अख्ख्या गावाला सांगितलंत मी राहतोय म्हणून. एकालाच सोडून. मला विचारलंत कधी?”

मार्लिसच्या हातातली गोळ्या सरकवायची पट्टी थांबली.

नव्हतं विचारलं. त्यालाच नाही, नऊच्या नऊ जणांना नव्हतं विचारलं. आणि असं नाही की विचारावंसं वाटलं नाही. प्रत्येक वर्षी फेब्रुवारीपासून ते गळ्यापर्यंत यायचं. बर्फ वितळायचा, नदीला पाणी चढायचं, पोरं नोकऱ्यांच्या मुलाखतींना जायला लागायची, नवे बूट घालून, आणि मार्लिस काउंटरमागं उभी राहून गिळायची. तिचे गुडघे गेले होते. दुकान घ्यायला टपलेली मोठी कंपनी दर उन्हाळ्यात एक हसरा माणूस पाठवायची. त्यांना दुकान नको होतं, फक्त पेशंट हवे होते. दाराला कुलूप लावणार आणि ऑर्व्हलला म्हणणार, ये तीस मैल गाडी चालवून. त्या माणसाला मार्लिस दरवेळी म्हणायची, एक वर्ष अजून. आणि मार्चमध्ये कॉम्प्युटर नवी जोडी लावायचा की झालं, आणखी एक वर्ष पक्कं.

मग विचारायचं ना सरळ. तर नाही. तिथंच सगळी मेख होती.

मार्लिस स्वतः कधीकाळी याच काउंटरवर शिकायला आली होती. तेव्हा रेसिडेन्सी वगैरे भानगड नव्हती, पण हाताखाली वर्ष काढावं लागायचं आणि मालकाची सही लागायचीच. मालक होता म्हातारा नोवोत्नी. भला माणूस. शेवटच्या आठवड्यात त्यानं तिचा कागद समोर घेतला, त्यावर आपला पंजा ठेवला आणि म्हणाला, “मग, राहशील ना इथंच?” पंजा कागदावर तसाच. ती म्हणाली, हो. राहिली. पुढं त्याच्याकडून दुकान विकत घेतलं, पाटी बदलली, याच गावात लग्न केलं, नवरा याच गावात पुरला. वाईट काही झालं नाही. दुकानावर तिचा जीव होता. पण त्या दिवशी आपण हो म्हणालो की घाबरलो, हे तिला आजपर्यंत कळलं नव्हतं. रात्री कूस बदलताना ते मध्येच टोचायचं, गादीत राहिलेल्या टाचणीसारखं.

म्हणून तिनं ठरवलेलं, की ज्याचा कागद आपल्या पंजाखाली आहे त्याला विचारायचं नाही. सही झाल्यावरच विचारायचं. आणि सही होणार जूनच्या शेवटच्या दिवशी. तोवर पोरांच्या नोकऱ्या ठरून महिने झालेले असायचे. गाडीत सामान भरलेलं असायचं. ती दारात उभी राहून हात हलवायची आणि घरी जाऊन एकटी टोस्ट खायची.

हे सगळं केलनला सांगायला हवं होतं. पण मार्लिस म्हणाली, “फोन दे इकडं. ऑर्व्हलला सांगते खरं काय ते.”

ऑर्व्हलनं पहिल्या घंटेला उचलला.

“ऑर्व्हल, केलन राहत नाहीये. मी खोटं बोलले.”

“माहितीये गं मला.”

“काय माहितीये?”

“एवढं शिकलेलं पोर इथं कशाला राहील? तू बोललीस तेव्हाच कळलं.”

“मग गावभर कशाला सांगत सुटलास, म्हाताऱ्या?”

मग ऑर्व्हल म्हणाला, “सांगायला बरं वाटत होतं.”

मार्लिसनं फोन ठेवला आणि केलनकडं बघितलंच नाही.

पण गावाला एकदा स्वयंपाकाची सुरसुरी आली की ती थांबत नाही. रविवारी चर्चच्या तळघरात केलनच्या स्वागताचं जेवण ठरलं होतं. हॅमचे गोळे वळून झाले होते, बटाटे किसून झाले होते. आता स्वागत नाही तर निरोप, जेवण तेच. व्हर्लानं केकवर निळ्या साखरेनं ‘घरी स्वागत’ असं लिहिलं होतं. तिनं ते सुरीनं खरवडलं, पण निळं काही पूर्ण गेलं नाही, आणि सगळ्यांनी निळसर केक खाल्ला आणि कुणी काही बोललं नाही. म्हणजे ऑर्व्हल बोलला. तो म्हणाला, “केकला बुरशी आलीये का?” मग त्याला कुणीतरी टेबलाखालून लाथ मारली.

मार्लिस कोपऱ्यात खुर्चीवर बसून बघत होती. केलन एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर. कुणाचा रक्तदाब, कुणाच्या सुनेचं बाळंतपण, कुणाचा मका अजून गुडघ्याला लागला नाही. पहिल्या महिन्यात हाच पोरगा म्हाताऱ्यांशी बोलताना हातातल्या कागदावरून वाचून दाखवायचा. आता बघा. एका बाईनं पर्समधून गोळीची पट्टी काढली तर यानं ती न घेता आधी विचारलं, “ही कुणाची?” शेजारणीची निघाली. बाई लाजली, तो हसला, शेजारणीलाच हाक मारली आणि दोघींना समोरासमोर बसवलं. हे पुस्तकात नसतं. हे मार्लिसनं त्याला दिलं होतं, रोज थोडं थोडं, आणि आता तो ते घेऊन मिनियापोलिसला जाणार. आपणच लोणी लावून दुसऱ्याच्या ताटात वाढायचं, असा सगळा प्रकार.

जेवण झाल्यावर ती पायऱ्यांवर येऊन बसली. उजेड होता अजून. मागून केलन आला, हातात ताटं पुसायचं फडकं तसंच.

“व्हर्लानं सांगितलं मला,” तो म्हणाला. “सहीचं. नोवोत्नीचं.”

“व्हर्लाला कुणी सांगितलं?”

“ती म्हणते, तुम्हीच. बर्फाच्या वादळात दोघी दुकानात अडकलात तेव्हा.”

“तिला वाईन दिली होती मी, विसरायला.”

“बहुतेक तुम्ही जास्त प्यायलात.” तो तिच्या शेजारी बसला. फडक्याची घडी केली, उलगडली, परत केली. “मग करा ना सही. उद्या सकाळी करा. आणि विचारा मला. काय व्हायचं ते होऊ दे एकदाचं.”

तिनं पायरीची कड धरली. हो म्हण, मार्लिस. एवढं सोपं. पण तोंडातून आलं ते असं:

“प्रोजेक्टचा शेवटचा भाग कुठाय?”

“काय?”

“फोनमुळं किती लोक पडायचे वाचले, त्याचा हिशोब लिहून द्यायचाय तू. दिलास?”

“बाकी आहे थोडा.”

“मग सही कशी करू? अर्धवट कामावर?”

केलन इतक्या जोरात हसला की आतून कुणीतरी डोकावलं. हसता हसता त्याचा चेहरा लाल झाला, आणि मग ते हसूच राहिलं नाही. “तुम्ही ना,” तो उठला, “तुम्ही स्वतःच्याच पायावर पाय देऊन उभ्या आहात. आणि ओरडताय कुणी सरकत का नाही म्हणून.”

“आवाज खाली.”

“नाही करणार खाली!” पण तो गेला आत. ताटं राहिली होती.

पुढचा आठवडा मार्लिसला कसा गेला ते तिचं तिला ठाऊक. रोज सकाळी ती दुकान उघडायची आणि आधी केलनच्या हाताकडं बघायची. कागद आहेत का? नसायचे. तो यायचा, पांढरा कोट चढवायचा, लस टोचायचा, फोन करायचा. प्रत्येक फोनच्या शेवटी सांगायचा, पुढच्या महिन्यापासून नवीन मुलगी फोन करेल, ओहायोची आहे, चांगली आहे. तिचा नवा कोटही येऊन पडला होता, खिळ्याला टांगलेला, बाह्या कडक. आणि कागद नाहीत.

लिहायला वेळ मिळत नाही की लिहायचंच नाहीये? कुणी गोळ्या घेत नसेल तर मार्लिसला डबी परत भरायला किती उशिरा आली यावरून कळायचं. तेवढ्यावरून ती माणसाच्या घरात काय चाललंय ते सांगू शकायची. पण हा पोरगा कागद देत नाही तो प्रश्नाला घाबरून, का उत्तराला, हे तिला वाचता येईना. एकदा तर तिला वाटलं, आपणच बसून लिहावा तो हिशोब आणि त्याच्या नावानं घालावा. इतकी वेळ आली होती. मग स्वतःचीच लाज वाटून ती खालच्या फडताळातल्या डायपरच्या थप्प्या लावत बसली.

शेवटच्या दिवशी, दुपारच्या जेवणाआधी, त्यानं कागद तिच्यापुढं ठेवले. बाहेर त्याची गाडी भरलेली होती. मागच्या काचेतून उशी आणि दिवा दिसत होता.

तिनं सगळं वाचलं. अक्षर न अक्षर. एका ठिकाणी बेरीज चुकली होती, ती त्याला दुरुस्त करायला लावली. व्हर्ला शेल्फामागं श्वास रोखून उभी होती, ते ऐकू येत होतं. मग मार्लिसनं पेन घेतलं आणि सही केली. कागद उचलून त्याच्या हातात दिला. दोन्ही हातांनी. मग दोन्ही हात मागं घेतले, पाठीमागं बांधले, लहान पोरीसारखे.

“केलन,” ती म्हणाली, “राहशील?”

त्यानं कागदाकडं बघितलं. मग तिच्याकडं. “नाही, मार्लिस.”

“बरं.”

“मे महिन्यात विचारलं असतंत तर ती नोकरी सोडून हो म्हणालो असतो.”

“म्हणूनच नाही विचारलं. तो ‘हो’ मला नको होता.”

“आणि हा ‘नाही’ हवा होता?”

“नाही रे,” मार्लिस म्हणाली, “हाही नको होता.”

शेल्फामागं व्हर्लानं नाक शिंकरलं. केलननं कोट काढला, खांद्यावरून झटकला, घडी घातली. काही बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात दार वाजलं आणि गावातल्या बॅकसची सून पोराला घेऊन आत आली. पोराला नवीन पंप लिहून दिला होता, दम्याचा, आणि पोरगं तो तोंडाला लावायला तयार नव्हतं. रडून रडून नाक लाल.

मार्लिस पुढं व्हायला गेली. पण गुडघे कुरकुरायच्या आत केलन काउंटरच्या बाहेर गेलासुद्धा. बिनकोटाचा. खाली जमिनीवर मांडी घालून बसला आणि पोराला पंप दिलाच नाही. स्वतःच्याच तोंडाला पंपाला जोडायची प्लॅस्टिकची नळी लावली आणि डोळे तिरळे केले. पोरगं रडता रडता थांबलं. मग त्यानं नळी पुसून पोराच्या हातात दिली आणि म्हणाला, “आता तू मला शिकव. मला जमत नाहीये.” आईला मध्ये बोलू दिलं नाही. घाई नाही, कसली घाई नाही, जणू बाहेर ती भरलेली गाडी दुसऱ्याच कुणाची आहे. पोरानं नळी तोंडाला लावली. एकदा. परत एकदा. केलन त्याच्याबरोबर मनातल्या मनात मोजत होता, त्याचे ओठ हलत होते.

मार्लिस बघत होती. तिला वाटलं, हे पोरगं अजून शंभर वेळा रडावं. दाराशी रांग लागावी रडणाऱ्या पोरांची, थेट नदीपर्यंत.

बॅकसची सून गेली. केलननं पँट झटकली. किल्ल्या खिशातून काढल्या, परत ठेवल्या.

“काही खाऊन जा,” मार्लिस म्हणाली. “रस्त्यात नीट मिळत नाही.”

“व्हर्लानं बांधून दिलंय.”

“नव्या मुलीला ते लसीचं कपाट कसं उघडतं ते लिहून ठेवलंस का? अडकतं ते.”

“ठेवलंय. चित्र काढून.”

“पश्चिमेकडून वादळ येतंय म्हणे,” मार्लिस म्हणाली. “रेडिओवर सांगत होते. तासभर थांबलास तर निवळेल. तासाभरानं काय बिघडतंय?”

केलननं काचेतून बाहेर बघितलं. व्हर्लानंही शेल्फामागून मान काढून बघितलं. आभाळ निळंशार होतं, धान्याच्या कोठारापासून ते पार मक्याच्या शेवटापर्यंत, ढगाचा एक ठिपका नाही.

तो तिच्याकडं वळला. त्याचे डोळे भरले होते आणि तो चिडलेला होता, दोन्ही एकदम.

“मार्लिस,” तो म्हणाला, “मला निघायला हवं आता.”